पडदा की नस? एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं तर

डोळा लाल झाला की माणूस घाबरतो. टोचतं, पाणी येतं, आरशात दिसतं, घरातले चार जण विचारतात. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात हजर असतो. तोच डोळा पांढराशुभ्र आहे, टोचत नाही, पाणी येत नाही, फक्त त्या डोळ्याने नीट दिसत नाही, असं झालं की मात्र तोच माणूस चार-आठ दिवस सहज काढतो. माझं मत विचाराल तर हे नेमकं उलटं आहे. लाल डोळा बऱ्याचदा आठवडाभरात बरा होतो. स्वच्छ दिसणारा पण अंधुक झालेला डोळा ही त्याच दिवशी तपासायची गोष्ट आहे, आणि काही वेळा तर त्याच तासात.

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. तरीही हे लिहितोय. कारण असे रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी आमच्याकडे येतात, किंवा चष्म्याच्या दुकानात जातात, किंवा औषधाच्या दुकानातून थेंब घेऊन घरी जातात. गंगापूर रोडला या तिन्ही सोयी शंभर पावलांवर आहेत. मोबाईलवर डोळ्याचा फोटोही येतो, "डॉक्टर, बघा ना, काही दिसतंय का?" काहीच दिसत नाही, आणि दिसणारही नाही. बिघाड डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. तिथपर्यंत मोबाईलचा कॅमेरा पोहोचत नाही, थेंबही पोहोचत नाहीत.

वाट पाहण्याची कारणं ठरलेली असतात. क्लासची मुलं म्हणतात, स्क्रीन जास्त झाली. चाळिशीतली मंडळी म्हणतात, नंबर वाढला असेल. गिरणारे, दिंडोरीकडचे द्राक्षवाले छाटणीनंतरच्या दिवसांत फवारणीच्या मागे असतात. ते म्हणतात, औषध उडालं असेल. यातलं शेवटचं कधी कधी खरंही असतं, पण औषध उडालं तर डोळा चुरचुरतो, लाल होतो. पांढऱ्या डोळ्याची नजर फवारणीने एका बाजूने जात नाही. शिवाय दुसरा डोळा चांगला असतो, कामं चालू राहतात, त्यामुळे घाई वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला एक पातळ थर चिकटलेला असतो. जाडी साधारण पाव मिलिमीटर. याला आपण पडदा म्हणतो, पुस्तकात दृष्टिपटल. बाहेरचं चित्र इथे उमटतं. इथून निघालेले दहा-बारा लाख बारीक तंतू एकत्र येऊन एक दोरी होते आणि ती मेंदूकडे जाते. ती डोळ्याची नस. टीव्ही आणि केबल म्हणा. चित्र नीट येत नाही, तेव्हा टीव्ही बिघडला की केबल, हे आधी ठरवावं लागतं. घरच्या टीव्हीचं चुकलं तर पैसे जातात. इथे चुकलं तर उपचारच उलटा पडू शकतो, आणि म्हणूनच हा लेख. तो भाग पुढे सविस्तर येईल.

रुग्णाला मी पहिला प्रश्न विचारतो तो वेळेचा. "कधीपासून?" एवढं विचारून भागत नाही. "अचानक गेलं, की अचानक लक्षात आलं?" हा खरा प्रश्न. अंघोळ करताना चांगल्या डोळ्यात साबण गेला, तो मिटला, आणि दुसऱ्याने काहीच दिसत नाही हे कळलं, अशी माणसं असतात. त्यांची नजर सहा महिन्यांपासून उतरत आलेली असू शकते. काचबिंदू, मोतीबिंदू, मधुमेहाचा पडदा, काहीही. ती "अचानक" नव्हे. खरोखर अचानक गेलेल्यांतही फरक असतो. दिव्याचं बटण बंद करावं तसं काही सेकंदांत गेलं, तर रक्तपुरवठा तुटला असं समजावं. सकाळी उठल्यावर डोळ्याचा वरचा किंवा खालचा अर्धा भाग झाकल्यासारखा वाटला, दुखत नाही, वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह किंवा रक्तदाब आहे, तर नसेच्या मुळाचा रक्तपुरवठा कमी पडलेला असू शकतो. आज थोडं धूसर, उद्या जास्त, परवा आणखी जास्त, असं दिवसागणिक उतरत गेलं, तर नसेला सूज आल्याचा संशय घ्यावा. याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात. साधारणपणे हे उतरणं आठवडा, फार तर दोन आठवडे चालतं आणि मग नजर परत वर यायला लागते.

दुसरा प्रश्न दुखण्याचा. पडद्याला दुखणं कळतच नाही. तो जळला, फाटला, सुटला, त्यात रक्त उतरलं, तरी रुग्ण म्हणतो, "दुखत काही नाही हो." हीच त्याची फसवी बाजू. नसेचं वेगळं आहे. डोळा फिरवणारे स्नायू खोबणीच्या तळाशी जिथून निघतात, तिथे त्यांतले काही नसेच्या आवरणाला चिकटलेले असतात. नस सुजली की डोळा वर किंवा बाजूला फिरवताना ते आवरण ओढलं जातं आणि खोल, ठसठसणारं दुखतं. अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात ऑप्टिक न्यूरायटिसच्या साडेचारशेहून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. त्यात १०० पैकी ९२ जणांना हे दुखणं होतं. त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया होत्या आणि वय १८ ते ४६. म्हणून पंचविशी-तिशीतली एखादी मुलगी "दोन दिवस डोळा फिरवला की दुखत होतं, आता धूसर दिसतंय" म्हणाली, तर ते मायग्रेन, सायनस किंवा जागरण यांवर ढकलू नका. सायनसच्या गोळ्या खाऊन आठवडा गेलेल्या बऱ्याच जणी मी पाहिल्या आहेत.

तिसरा प्रश्न: नेमकं काय दिसतं? इथे रुग्णाला बोलू द्यावं, मध्ये तोंड घालू नये. पडद्याचा रुग्ण बहुतेक वेळा काहीतरी "दिसतं" असं सांगतो. मध्यभागी राखाडी-पिवळट डाग दिसतो. दाराची चौकट वाकडी दिसते. फरशीच्या रेघा मध्येच पोटात गेल्यासारख्या दिसतात. समोरच्याचं तोंड लहान दिसतं. विजा चमकतात, कोळ्याचं जाळं तरंगतं, एका बाजूने काळा पडदा सरकत येतो. नसेचा रुग्ण काहीतरी "दिसत नाही" असं सांगतो. मधलं पुसून गेलंय, सगळं फिकं झालंय, ट्यूबलाइट उतरल्यासारखी वाटते. रेघा सरळच असतात, पण रंग मेलेले असतात.

रंगाची परीक्षा घरी करता येते. औषधाच्या बाटलीचं लालभडक झाकण किंवा कुंकवाची डबी घ्या. एक डोळा झाका, बघा. मग दुसरा झाका, बघा. एका डोळ्याला ते लाल आणि दुसऱ्याला विटकरी किंवा गुलाबीसर दिसलं, तर नसेकडे बोट जातं. नजरेच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असूनही लाल रंग फिका पडलेला असू शकतो. रेघांसाठी मुलांची गणिताची चौकड्यांची वही पुरते. वाचायचा चष्मा लावून, नेहमीच्या अंतरावर धरून, एकेका डोळ्याने मधल्या टिंबाकडे बघायचं. चौकटी वाकल्या तर पडदा. आणखी एक सोपी गोष्ट: जुन्या व्हिजिटिंग कार्डाला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून बघा. भोकातून स्वच्छ दिसलं, तर दोष बहुधा नंबराचा आहे. भोकातूनही तसंच अंधुक राहिलं, तर चष्म्याचं दुकान हे तुमचं पहिलं ठिकाण नाही.

घरच्या या परीक्षा कशासाठी आहेत, हे नीट समजून घ्या. "आज जायचं की पुढच्या आठवड्यात" हा वाद मिटवण्यासाठी. निदानासाठी नव्हेत.

आम्हा डॉक्टरांकडे मात्र एक परीक्षा अशी आहे, जिला एक बॅटरी आणि अंधारी खोली एवढंच लागतं, आणि तरी ती केली जात नाही याचं मला वाईट वाटतं. बॅटरीचा झोत एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर, असा फिरवायचा. चांगल्या डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या लहान होतात. झोत बिघडलेल्या नसेच्या डोळ्यावर आला की बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होताना दिसते, कारण मेंदूपर्यंत उजेडाची बातमीच कमी पोहोचते. रुग्णाला काही विचारावं लागत नाही, त्याला फसवताही येत नाही. ही खूण मिळाली आणि आतून पडदा ठीक दिसला, तर बिघाड नसेत आहे. पण एवढ्यावर "खूण मिळाली म्हणजे नसच" असं धरू नये. पडद्याची मुख्य रक्तवाहिनी बंद झाली किंवा पडद्याचा मोठा भाग सुटला, तर तीच खूण मिळते. दोन्ही डोळे सारखेच बिघडले असतील, तर ती मिळतच नाही. म्हणून बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब टाकून आतला पडदा पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि पडदा पाहूनही गंमत अशी की, न्यूरायटिसच्या सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत सूज डोळ्याच्या मागे असते, त्यामुळे आतून सगळं स्वच्छ दिसतं. रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, असं हे प्रकरण. अशा वेळी "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं जातं. बॅटरी फिरवली असती तर पाठवलं गेलं नसतं.

आता उपचार उलटा पडण्याबद्दल. मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते यावर.

तिशी-चाळिशीतला पुरुष, कामाचा ताण, झोप कमी, आणि एका डोळ्यात मध्यभागी गोल मळकट डाग, वस्तू लहान आणि वाकड्या दिसतात. हा सेंट्रल सिरस नावाचा आजार. पडद्याखाली पाणी साठतं, टॉवेलखाली हवा जाऊन फुगा यावा तसं. तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. आणि हा आजार वाढवणारं एक ठरलेलं औषध आहे: स्टेरॉइड. गोळ्या, इंजेक्शन, दम्याचे पंप, नाकातले फवारे, त्वचेची मलमं, सांध्यात दिलेली सुई, सगळ्यांचा संबंध नोंदला गेला आहे. गुडघेदुखीच्या आणि दम्याच्या ज्या बिननावाच्या "हमखास" पुड्या गावोगाव मिळतात, त्यांतही पुष्कळदा हेच असतं.

दुसऱ्या बाजूला ऑप्टिक न्यूरायटिस. त्याचा प्रचलित उपचारच स्टेरॉइड, शिरेतून, मोठ्या मात्रेत, तीन ते पाच दिवस. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. दोन्ही रुग्ण दाराशी येऊन एकच वाक्य बोलतात, "एका डोळ्याने मधलं दिसत नाही." फरक ठरवायला पडद्याचं स्कॅन पुरतं. ओसीटी म्हणतात त्याला. पाच मिनिटांत होतं, सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. पडद्याखालचं पाणी त्यात लगेच दिसतं. ही सोय नाशिकसारख्या शहरात सहज मिळते. तरीही "नसेला सूज दिसतेय, गोळ्या सुरू करा" असं फोनवर ठरतं. माझं मत स्पष्ट आहे: आत डोकावल्याशिवाय नजर गेलेल्या माणसाला कोणीही स्टेरॉइड देऊ नये. त्यात मीही आलो, औषधाचा दुकानदार आला आणि ओळखीचा डॉक्टरही आला.

खरोखर न्यूरायटिस असला, तरी "थोड्या गोळ्या देऊन बघू" हा मधला मार्ग चुकीचाच. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. नेहमीच्या मात्रेतल्या नुसत्या प्रेडनिसोनच्या गोळ्या घेतलेल्यांना फायदा झाला नाहीच, उलट आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. शिरेतून मोठी मात्रा घेतलेल्यांची नजर लवकर परतली, पण सहा महिन्यांनी पाहिलं तर औषध न घेतलेल्यांचीही जवळपास तिथेच पोहोचली होती. म्हणजे साध्या न्यूरायटिसमध्ये स्टेरॉइड घाई करतं, शेवट फारसा बदलत नाही. रुग्ण मधुमेही असेल, तर ही घाई किती महाग पडू शकते याचा हिशोब करायलाच हवा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती डोळे नेले, ते आपण विसरलेलो नाही.

मात्र इथेही दुसऱ्या टोकाला जाऊ नका. "आपोआप बरं होतं" हे वाक्य सगळ्या न्यूरायटिसना लागू नाही. तो अभ्यास मुख्यतः गोऱ्या अमेरिकन रुग्णांवर झालेला होता. आपल्याकडे त्या देशांच्या तुलनेत मल्टिपल स्क्लेरोसिस कमी, आणि फ्रान्समधल्या डेव्हिकने १८९४ मध्ये वर्णन केलेला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा भाऊबंद त्यामानाने जास्त लक्षात ठेवावा लागतो. यात दोन्ही डोळे, पाठीचा कणा, कधी न थांबणारी उचकी-उलटी असा प्रकार असतो. नजर फार खोल जाते आणि उपचाराला उशीर झाला तर परत येत नाही. त्याची रक्तातली खूण २००४ साली सापडली; आज ती तपासणी आपल्याकडे होते. आणखी एक मॉग नावाची तपासणी आहे. मुलांमध्ये तापानंतर दोन्ही डोळे एकदम अंधुक झाले, तर ती विशेष उपयोगी. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी "एमआरआय करा, मेंदूचा आणि डोळ्यांच्या खोबणीचा, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा" असं सांगितलं की खर्चाला घाबरून टाळू नका. दोन आठवड्यांनंतरही नजर उतरतच असेल, किंवा महिना झाला तरी वर येत नसेल, तर निदानावर पुन्हा विचार करायचा. क्षय, सिफिलिस, सार्कॉइड, नसेवर दाब आणणारी गाठ, ही सगळी मंडळी न्यूरायटिसचा वेश घेऊन येतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल थोडं. न्यूरायटिस हा शब्द कळला की रात्रीत इंटरनेटवर वाचून मुलगी सकाळी रडत येते. आई बाहेरच्या खोलीत विचारते, "लग्नाचं कसं करायचं?" त्याच अमेरिकन रुग्णांचा १५ वर्षं पाठपुरावा झाला. निम्म्यांना हा आजार झाला, निम्म्यांना झाला नाही. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के आणि एक किंवा अधिक डाग असलेल्यांत ७२ टक्के. हे आकडे लपवू नयेत, आणि ते आपल्या मुलीची कुंडली म्हणूनही वाचू नयेत. आज या आजारावर पंधरा-वीस वर्षांपूर्वी नव्हती अशी औषधं आहेत.

नजर सुधारल्यावरही नसेच्या रुग्णांना दोन विचित्र अनुभव येतात. ते आधी सांगून ठेवलेले बरे. एक म्हणजे उन्हात चालल्यावर, ताप आल्यावर किंवा कढत पाण्याने अंघोळ केल्यावर नजर तात्पुरती धूसर होते. थंडावा मिळाला की परत येते. आपल्याकडे मे महिन्यात हे हमखास विचारायला येतात. नवीन झटका नाही तो. दुसरं म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज चुकतो. एका डोळ्याचा संदेश मेंदूकडे किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे आडवी हलणारी वस्तू पुढे-मागे असल्याचा भास होतो. कार्ल पुल्फ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये हे मांडलं. त्याचा स्वतःचा एक डोळा गेलेला होता, त्यामुळे हा भास त्याला कधीच अनुभवता आला नाही. आपल्याला मात्र संध्याकाळी गंगापूर रोड ओलांडताना तो परवडणारा नाही. काही महिने दुचाकी दुसऱ्याला चालवू द्या.

नसेच्या बाबतीत आपल्या देशात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, क्षयाचं इथॅम्ब्युटॉल. हे औषध काही रुग्णांत डोळ्यांची नस बिघडवतं. ते दुखत नाही, दोन्ही डोळ्यांत होतं, आठवड्यामहिन्यांत हळूहळू वाढतं, आणि लाल-हिरवा रंग आधी जातो. पूर्वी पहिल्या दोन महिन्यांनंतर ते बंद व्हायचं. आता राष्ट्रीय कार्यक्रमात पुढच्या चार महिन्यांतही ते चालू असतं. कार्यक्रमाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण मग डोळ्यांकडे लक्ष ठेवणंही तेवढंच वाढायला हवं. सुरुवातीला प्रत्येक डोळ्याची वेगळी नजर आणि रंग तपासून कार्डावर लिहिलेलं असावं, दर महिन्याला विचारलं जावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जास्त जपावं. घरात कोणाचा क्षयाचा कोर्स चालू असेल, तर वरचं लाल झाकण अधूनमधून दाखवत जा. फरक वाटला तर त्याच दिवशी उपचार केंद्रावर सांगा. लवकर थांबवलं तर बऱ्याच जणांची नजर सुधारते. मनाने सगळी औषधं मात्र बंद करायची नाहीत. ते फार धोक्याचं.

दुसरी, विषारी दारू. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली. अशा दारूतलं मिथेनॉल शरीरात फॉर्मिक आम्ल बनवतं आणि ते नसेवर घाव घालतं. लगेच काही होत नाही. बारा-चोवीस तासांनी दोन्ही डोळ्यांपुढे दाट धुकं येतं, पोट दुखतं, धाप लागते. हे डोळ्यांच्या दवाखान्याचं काम नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयाचं. डायलिसिस आणि उतारा दोन्ही तिथे मिळतात. दारू प्यायल्याचं घरच्यांनी लाजेपोटी लपवलं तर डोळे जातातच, जीवही जातो.

पडद्याच्या बाजूला नाशिकला स्वतःचा एक ताजा धडा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर शहरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे काही तरुण आले. मिरवणुकीत नाचताना लेसरचे झोत डोळ्यांवर आलेले, आणि नंतर मधलं दिसेनासं झालेलं. तपासल्यावर पडद्यावर भाजल्याच्या खुणा आणि रक्तस्राव. कोल्हापुरात आदल्या वर्षी अशाच तक्रारी आल्या होत्या. डोळ्याचं भिंग त्या झोताला पडद्याच्या नेमक्या मध्यबिंदूवर एकवटतं, जिथे आपली वाचायची नजर असते. आणि पडद्याला दुखत नाही हे वर सांगितलंच. त्यामुळे पोरगा रात्रभर नाचतो, झोपतो आणि सकाळी मोबाईल हातात घेतल्यावर त्याला कळतं. अशा मुलाला न्यूरायटिस समजून सलाइन लावणं किंवा "थकवा आहे" म्हणणं, दोन्ही टाळायचं असेल तर एकच प्रश्न पुरतो: काल रात्री कुठे होतास? पुणे पोलिसांनी २०२४ च्या उत्सवात लेसर झोतांवर बंदी घातली. मला विचाराल तर ही बंदी सणापुरत्या आदेशाने काढायची गोष्टच नव्हे. गर्दीच्या तोंडाकडे झोत रोखणं कायमचं बंद व्हायला हवं. लग्नाच्या वरातींतही तेच झोत असतात आणि त्यांत लहान मुलं सर्वांत पुढे असतात.

आणि शेवटी ती रक्तवाहिनी. पडद्याची मुख्य धमनी बंद होणं म्हणजे डोळ्याचा पक्षाघात. सोहनसिंग हेरे या मूळ भारतीय नेत्रसंशोधकाने अमेरिकेत माकडांवर प्रयोग करून दाखवलं की, सुमारे दीड तासापर्यंत रक्तपुरवठा तुटला तरी पडदा सावरतो, चार तास झाले की कायमचा जातो. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाचा यात किती उपयोग होतो यावर अजून एकमत नाही. पण वेळ गेल्यावर तो प्रश्नच उरत नाही. म्हणून साठीच्या माणसाची एका डोळ्याची नजर क्षणात गेली, तर जिथे पक्षाघाताचे रुग्ण घेतात त्या रुग्णालयात ताबडतोब जा. पुढच्या काही आठवड्यांत मेंदूचा झटका येण्याचा धोकाही वाढलेला असतो, त्यामुळे हृदय, मानेच्या रक्तवाहिन्या, साखर, रक्तदाब हे सगळं तपासावं लागतं; ते आम्हा फिजिशियनचं काम. डोळ्यापुढे पडदा येऊन दहा मिनिटांत परत स्वच्छ झालं असलं तरी हेच करायचं. "आता दिसतंय ना, मग कशाला?" हा विचार इथे घातक आहे. साठीच्या पुढे कानशिलं दुखत असतील आणि भाकरी चावताना जबडा दमत असेल, तर तेही न विचारता सांगा. रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार आहे, तो आपल्याकडे कमी पण एकामागून एक दोन्ही डोळे नेणारा.

विजा चमकून नवे काळे ठिपके तरंगायला लागले किंवा बाजूने पडदा सरकत आला, तर पडदा फाटला किंवा सुटला असावा. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. मध्यबिंदू सुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचते. तो सुटला की मग पूर्वीची नजर सहसा येत नाही. फरक एका दिवसाचाही असू शकतो.

दाखवायला जाताना चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर घ्या, मलमं, पंप आणि पुड्यांसकट. जुना चष्मा आणि त्याचा कागद घ्या. तिथे बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकतील. त्यानंतर चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. तेव्हा गाडी चालवायला कोणाला तरी घेऊन जा. कोणी नसेल तर रिक्षा करा, पण थेंब नकोत म्हणून परत येऊ नका.